नाकाबंदी, झडती आणि कायद्याची मर्यादा

(कार्यकर्ते आणि पालक यांच्यासाठी झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



अमली पदार्थांविरुद्धचा लढा हा राष्ट्ररक्षणाचाच एक भाग आहे, याविषयी या सभागृहात दुमत असण्याचे कारण नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये गुजरातच्या मुंद्रा बंदरात अफगाणिस्तानातून आलेले सुमारे तीन हजार किलो हेरॉइन पकडले गेले. पंजाबच्या सीमेवर पलीकडून ड्रोनद्वारे पाकिटे टाकली जातात. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे जिल्ह्यातील कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत मेफेड्रॉनचा प्रचंड साठा सापडला, तेव्हा हे विष केवळ सीमेवर नाही, तर घराच्या उंबरठ्यापर्यंत येऊन पोहोचले आहे, हे महाराष्ट्राला उमगले. मादक पेये व अमली द्रव्ये यांवर बंदी आणण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे राज्यघटनेच्या ४७व्या अनुच्छेदात मार्गदर्शक तत्त्व म्हणून नमूद आहे. म्हणूनच या विषयात कायदा कठोर असावा, अशी समाजाची अपेक्षा असते, आणि ती रास्त आहे.

आजच्या व्याख्यानाचा विषय मात्र थोडा वेगळा आहे. हा कठोर कायदा रस्त्यावर, नाकाबंदीत, एखाद्या सामान्य घरातील मुलाच्या समोर येऊन उभा राहतो, तेव्हा त्या मुलाला आणि त्याच्या कुटुंबाला कोणते हक्क असतात? काही जणांना हा प्रश्नच अप्रस्तुत वाटतो. “ज्याने काही केलेले नाही त्याला भीती कसली, आणि ज्याने केले आहे त्याला हक्क कसले?” असे सहज बोलले जाते. या वाक्याची दोन्ही अंगे तपासून पाहिली पाहिजेत.

ज्यांना हक्कांची भाषा परकी वाटते, त्यांनी १९७५ ते १९७७ हा कालखंड आठवावा. आणीबाणीत मिसा कायद्याखाली सहस्रावधी स्वयंसेवक आणि अन्य विचारांचे कार्यकर्ते कारागृहात डांबले गेले. अटकेचे कारण सांगण्याचे बंधन सरकारवर उरले नव्हते. १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने, अशा बंदिवानाला न्यायालयाचे दारही ठोठावता येणार नाही, असा निर्णय दिला. न्यायमूर्ती हंसराज खन्ना एकटे विरोधात उभे राहिले आणि त्याची किंमत त्यांनी सरन्यायाधीशपद गमावून मोजली. पुढे जनता सरकारच्या काळात, १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीने, अनुच्छेद २० आणि २१ यांचे संरक्षण आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, अशी तरतूद झाली. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने तो १९७६ चा निर्णय चुकीचा ठरवला. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती कोणावरही होणार नाही आणि कायद्याने घालून दिलेल्या पद्धतीखेरीज कोणाचेही स्वातंत्र्य हिरावले जाणार नाही, ही दोन वचने त्या अनुच्छेदांत आहेत. ती ज्यांनी तुरुंगवास सोसून राखली, त्यांच्या वारसांना तरी हक्कांची भाषा परकी वाटू नये.

कायद्याची कठोरता

प्रथम कायद्याचे स्वरूप पाहू. ‘गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५’ हे त्याचे लांबलचक नाव. व्यवहारात तो एनडीपीएस कायदा म्हणून ओळखला जातो. या कायद्यात शिक्षा मुख्यतः पदार्थाच्या प्रमाणावर ठरते. अल्प प्रमाण असेल, तर एक वर्षापर्यंत सश्रम कारावास किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अल्प प्रमाणाहून अधिक पण व्यापारी प्रमाणाहून कमी असेल, तर दहा वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड. व्यापारी प्रमाण असेल, तर किमान दहा आणि कमाल वीस वर्षे कारावास आणि एक ते दोन लाख रुपये दंड.

हे प्रमाण पदार्थागणिक बदलते. गांजाचे अल्प प्रमाण एक किलोपर्यंत आणि व्यापारी प्रमाण वीस किलोंचे. चरसाचे शंभर ग्रॅम आणि एक किलो. हेरॉइनचे पाच ग्रॅम आणि अडीचशे ग्रॅम. मेफेड्रॉनचे, म्हणजे तरुणांच्या भाषेतील ‘एमडी’चे, दोन ग्रॅम आणि पन्नास ग्रॅम. एमडीएमएचे तर अवघे अर्धा ग्रॅम आणि दहा ग्रॅम. शिवाय, २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने निर्णय दिला की, मिश्रण असेल तर शुद्ध द्रव्याचे नव्हे, तर संपूर्ण मिश्रणाचे वजन धरायचे. साखरेच्या पुडीएवढ्या पाकिटामुळे दहा वर्षांची शिक्षा संभवते, हे पालकांनी मुलांना स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे.

कठोरता येथेच संपत नाही. सामान्य फौजदारी कायद्यात गुन्हा सिद्ध करण्याचा भार सरकार पक्षावर असतो. या कायद्याच्या ३५व्या आणि ५४व्या कलमांनी काही गृहीतके आरोपीच्या विरुद्ध उभी केली आहेत. ताबा सिद्ध झाला, की तो जाणीवपूर्वक होता असे न्यायालय गृहीत धरते, आणि तसे नव्हते हे आरोपीला सिद्ध करावे लागते. व्यापारी प्रमाणाच्या प्रकरणांत ३७व्या कलमाने जामिनाची वाट अत्यंत अरुंद केली आहे. आरोपी दोषी नाही असे मानण्यास सबळ आधार आहे आणि जामिनावर असताना तो गुन्हा करणार नाही, अशी न्यायालयाची खात्री पटावी लागते.

कायदा इतका कठोर आहे, म्हणूनच त्याची कार्यपद्धतीही काटेकोर ठेवली आहे. शिक्षा जितकी कडक, तितकी तपासातील सावधगिरी अधिक, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याच्या संदर्भात पुन्हा पुन्हा मांडले आहे.

गाडी थांबवली जाते तेव्हा

एक प्रसंग कल्पावा. चार महाविद्यालयीन मित्र गोव्याहून परत येत आहेत. मोटार त्यांच्यापैकी एकाच्या वडिलांची. रात्री नाकाबंदीत ती थांबवली जाते. येथपर्यंत हा केवळ वाहतुकीचा विषय आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या १३०व्या कलमानुसार, गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याने मागितल्यावर चालकाने परवाना दाखवणे बंधनकारक आहे. वाहनाची कागदपत्रेही दाखवावी लागतात. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन यांवरील प्रती कायद्याने ग्राह्य आहेत. मद्य किंवा अमली पदार्थाच्या अमलाखाली वाहन चालवणे हा १८५व्या कलमाखाली स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्यासाठी श्वासचाचणी घेण्याचा अधिकार पोलिसांना आहे. थांबण्यास नकार देणे, गाडी पळवणे, हुज्जत घालणे ही हक्कांची अंमलबजावणी नव्हे. त्यातून नवे गुन्हे मात्र उभे राहतात.

परवाना तपासण्याचा अधिकार म्हणजे मोटारीची आणि माणसांची वाटेल तशी झडती घेण्याचा अधिकार नव्हे. अमली पदार्थांची वाहतूक होत असल्याचा संशय घेण्यास कारण असेल, तर ४२व्या कलमाखाली प्राधिकृत अधिकारी ४९व्या कलमानुसार वाहन थांबवून त्याची झडती घेऊ शकतो. शिपायाच्या दर्जाहून वरचा आणि शासनाने त्यासाठी अधिकार दिलेला अधिकारीच ४२व्या कलमाखाली कारवाई करू शकतो. आधी गुप्त माहिती मिळाली असेल, तर ती त्याने लेखी नोंदवायची आणि ७२ तासांच्या आत तिची प्रत वरिष्ठांकडे पाठवायची. सूर्यास्तानंतर बंद जागेची किंवा वाहनाची झडती वॉरंटाविना घ्यायची असेल, तर तसे करणे का आवश्यक आहे याची कारणे नोंदवायची. २००९ मध्ये घटनापीठाने सांगितले की, नोंदीस विलंब झाला तर समाधानकारक स्पष्टीकरण चालू शकेल, परंतु हे कलम पूर्णपणे डावललेले चालणार नाही.

सार्वजनिक जागेतील झडतीसाठी ४३वे कलम आहे आणि त्याच्या अटी सौम्य आहेत. म्हणून पुष्कळदा तपास यंत्रणा रस्त्यावरील प्रत्येक मोटारीला हेच कलम लावू पाहते. २०२१ मध्ये हरियाणातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, सार्वजनिक रस्त्यावर उभी असली तरी खाजगी जीप ही ‘सार्वजनिक वाहन’ ठरत नाही. तिला ४२वे कलमच लागू होते. ते पाळलेच गेले नव्हते, म्हणून आरोपी निर्दोष सुटले.

आता, पोलीस केवळ वाहतुकीचे नियम तपासत असताना आसनाखाली अचानक पाकीट दिसले, तर? १९९४ पासून न्यायालयाची भूमिका अशी आहे की, अनपेक्षितपणे पदार्थ सापडेपर्यंत एनडीपीएसची बंधने लागू होत नाहीत. मात्र ज्या क्षणी तो सापडला, त्या क्षणापासून पुढची प्रत्येक कृती या कायद्याप्रमाणेच झाली पाहिजे. नाकाबंदीतील बहुतेक प्रकरणे या क्षणाशी येऊन थांबतात.

अंगझडतीचा हक्क

या कायद्यातील सर्वांत महत्त्वाचे कवच ५०व्या कलमात आहे. एखाद्याच्या अंगाची झडती घ्यायची असेल, तर ‘ही झडती नजीकच्या राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर घेतली जावी, अशी मागणी करण्याचा तुम्हाला हक्क आहे’ असे त्या व्यक्तीला आधी सांगितले पाहिजे. ‘पंजाब राज्य विरुद्ध बलदेव सिंग’ या १९९९ च्या निर्णयात घटनापीठाने हा हक्क मान्य केला. २०१० मध्ये दुसऱ्या घटनापीठाने त्याहून स्पष्टपणे सांगितले की, ही जाणीव करून देणे अनिवार्य आहे, ‘जवळपास पाळले’ एवढे पुरणार नाही. हा हक्क डावलून अंगझडतीत सापडलेल्या वस्तूच्या आधारे ताबा सिद्ध करता येत नाही. २०१४ मध्ये न्यायालयाने आणखी दोन गोष्टी नोंदवल्या. ही सूचना प्रत्येकाला स्वतंत्रपणे दिली पाहिजे, सर्वांना मिळून एकत्र नव्हे; आणि ‘किंवा छाप्यातील अधिकाऱ्यासमोरच झडती देता का?’ असा तिसरा पर्याय पुढे करणे कायद्याला धरून नाही. स्त्रीची अंगझडती केवळ स्त्रीच घेऊ शकते.

या हक्काच्या सीमाही जाणून घ्याव्यात, अन्यथा खोटी आशा निर्माण होते. ५०वे कलम अंगझडतीपुरते आहे. पिशवी, पेटी, मोटारीची डिकी यांना ते लागू नाही. २००५ पासून न्यायालयाने हे सांगितले आहे आणि २०२३ मध्ये त्याची पुनरुक्ती केली आहे. पाकीट खिशात सापडले की पिशवीत, हा फरक खटल्यात निर्णायक ठरू शकतो. म्हणूनच पंचनाम्यात काय लिहिले जाते, याला इतके महत्त्व आहे.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १०५व्या कलमाने झडती आणि जप्ती यांचे दृकश्राव्य चित्रीकरण करण्याचे बंधन घातले आहे आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे पाठवायचे आहे. जुन्या संहितांच्या जागी आलेल्या कायद्यांतील ही सुधारणा प्रामाणिक पोलिसाचेही संरक्षण करते आणि निरपराध नागरिकाचेही. झडती होत असताना चित्रीकरण होत आहे का, हे शांतपणे आणि नम्रपणे विचारण्यात काहीही गैर नाही.

जप्त मालाचे वजन, मोहोर आणि नमुने यांविषयीही नियम आहेत. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५२अ कलमाचा अर्थ लावताना सांगितले की, नमुने दंडाधिकाऱ्यासमक्ष काढले जावेत. यातील प्रत्येक त्रुटीने खटला आपोआप कोसळतो असे नाही. परंतु मालाच्या ओळखीविषयी शंका उरली, तर तिचा लाभ आरोपीला मिळतो. एक लहानशी बाब पुष्कळांना ठाऊक नसते. कायद्याच्या व्याख्येनुसार गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळांचे शेंडे. त्यांच्याशिवाय नुसती पाने किंवा बिया असतील, तर त्या गांजा ठरत नाहीत. त्यामुळे नेमके काय सापडले आणि त्याचे वजन कसे केले, हा प्रश्न वकिली कावा नसून शिक्षेच्या वर्षांचा प्रश्न आहे.

अटक झाल्यास

अटकेनंतरचे पहिले चोवीस तास सर्वाधिक मोलाचे असतात. घटनेच्या २२व्या अनुच्छेदानुसार, अटकेची कारणे लवकरात लवकर सांगितली पाहिजेत, आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ दिला पाहिजे आणि प्रवासाचा वेळ वगळता चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभे केले पाहिजे. ही कारणे लेखी असावीत, असे २०२३ आणि २०२४ मध्ये विशेष कायद्यांच्या संदर्भात ठरले. नोव्हेंबर २०२५ मध्ये, महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने हा दंडक सर्व गुन्ह्यांना लावला. कारणे लेखी द्यायची, अटक झालेल्याला समजणाऱ्या भाषेत द्यायची आणि तत्काळ देणे अशक्य असेल, तर कोठडीसाठी हजर करण्यापूर्वी किमान दोन तास आधी द्यायची. मराठी माणसाला त्याच्या भाषेत कारणे मिळण्याचा हा हक्क आहे.

अटकेचा पंचनामा साक्षीदाराच्या स्वाक्षरीने व्हावा, नातेवाइकाला किंवा मित्राला कळवले जावे, वैद्यकीय तपासणी व्हावी, ही बंधने १९९६ च्या डी. के. बसू निर्णयातून आली आणि नव्या संहितेत ती कायम आहेत. चौकशीच्या काळात वकिलाला भेटण्याचा हक्कही संहितेत आहे, मात्र संपूर्ण चौकशीभर वकील शेजारी बसलेला असण्याचा नाही. स्त्रीला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करायची, तर ती अपवादात्मक परिस्थितीतच, महिला पोलीस अधिकाऱ्याकडून आणि दंडाधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीने करावी लागते.

नाव, पत्ता विचारला, तर तो खरा सांगावा. परंतु गुन्ह्यात स्वतःला गुंतवणारे उत्तर देण्याची सक्ती अनुच्छेद २०(३) नुसार करता येत नाही. पूर्वी या कायद्याच्या ६७व्या कलमाखाली तपास अधिकाऱ्याने नोंदवलेला कबुलीजबाबच अनेकांना शिक्षा होण्यास पुरेसा ठरे. २९ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ठरवले की, हे अधिकारी पोलीस अधिकारीच होत आणि त्यांच्यासमोरचा कबुलीजबाब पुरावा म्हणून वापरता येणार नाही. तरीही भीतीपोटी कोऱ्या कागदावर स्वाक्षरी करण्याची चूक आजही होते. न वाचता, न समजता कशावरही स्वाक्षरी करू नये, हा नियम प्रत्येक घरात सांगितला गेला पाहिजे. त्याचबरोबर, घाबरून भ्रमणध्वनीतील संदेश पुसून टाकणे हा पुरावा नष्ट करण्याचा गुन्हा होऊ शकतो, हेही सांगितले पाहिजे.

वकील करण्याची ऐपत नसेल, तर घटनेच्या ३९अ अनुच्छेदानुसार आणि विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ खाली विनामूल्य वकील मिळतो. कोठडीत असलेला प्रत्येक जण त्यास पात्र आहे. १५१०० हा त्यासाठीचा क्रमांक आहे.

व्यापारी प्रमाणाच्या प्रकरणात दोषारोपपत्रासाठी तपास यंत्रणेला १८० दिवस मिळतात आणि सरकारी अभियोक्त्याच्या अहवालावरून विशेष न्यायालय ही मुदत एक वर्षापर्यंत वाढवू शकते. मुदत संपूनही दोषारोपपत्र आले नाही, तर जामीन हा हक्क होतो. मात्र तो मागावा लागतो. अर्ज वेळेत न केल्याने ही संधी हातची गेल्याची उदाहरणे न्यायालयांत दिसतात. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेही मान्य केले की, खटला वर्षानुवर्षे रखडत असेल, तर ३७व्या कलमाच्या अटी असूनही विलंबाच्या कारणास्तव जामिनाचा विचार होऊ शकतो.

सोबत बसलेल्यांचे काय?

कल्पिलेल्या त्या मोटारीत चार जण होते. पाकीट एकाच्या पिशवीत सापडले. उरलेले तिघे गुन्हेगार ठरतात का? कायद्याचे उत्तर ‘जाणीवपूर्वक ताबा’ या दोन शब्दांत आहे. वस्तू आहे याची जाणीव आणि तिच्यावर नियंत्रण, ही दोन्ही हवीत. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, ३५व्या आणि ५४व्या कलमांतील गृहीतके आपोआप लागू होत नाहीत. मूलभूत तथ्ये आधी सरकार पक्षाने सिद्ध करायची, तेव्हाच भार आरोपीवर जातो. परंतु गाडीत सर्वांच्या हाताशी असलेला साठा सर्वांच्या माहितीतलाच होता, असा निष्कर्षही न्यायालयांनी काही प्रकरणांत काढला आहे. म्हणजे न्यायालयात सुटका होण्याची शक्यता आहे, पण तोपर्यंतची वर्षे कोण परत देणार? सहप्रवासी कोण आहे, त्याच्या पिशवीत काय आहे, अनोळखी माणसाने दिलेले पार्सल कशाचे आहे, याविषयीची दक्षता हेच खरे संरक्षण होय.

मोटार वडिलांची होती, त्यांचे काय? वाहनाचा असा उपयोग जाणूनबुजून होऊ देणाऱ्या मालकाला २५व्या कलमाने शिक्षा आहे. वाहनही जप्त होऊ शकते. मात्र आपल्या माहितीविना किंवा संमतीविना ते वापरले गेले आणि आपण सर्व वाजवी काळजी घेतली होती, हे मालकाने सिद्ध केले, तर ते वाचते. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, योग्य प्रकरणी खटला चालू असतानाही असे वाहन अटींवर मालकाला परत देता येते. ज्यांचा उदरनिर्वाह एका मालमोटारीवर चालतो, त्यांच्यासाठी हा निर्णय मोठा दिलासा आहे.

वाट चुकलेला मुलगा आणि व्यापारी

अमली पदार्थ विकणारा आणि त्याच्या जाळ्यात सापडलेला, हे दोघे कायद्याच्या दृष्टीनेही सारखे नाहीत. ६४अ कलमानुसार, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातील व्यसनाधीन व्यक्तीने स्वेच्छेने मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेतले आणि ते पूर्ण केले, तर तिच्यावर खटला चालवला जात नाही. ही तरतूद किती पालकांना ठाऊक आहे? मुलगा पकडला गेला, की घरातील पहिली प्रतिक्रिया असते ती लपवण्याची आणि दुसरी असते ‘तोडपाणी’ करण्याची. येथे सावध झाले पाहिजे. २०१८ च्या सुधारणेनंतर लाच देणे हाही गुन्हा आहे. कोणी सक्तीने मागितली असेल, तर सात दिवसांत तक्रार करणे हाच कायदेशीर मार्ग आहे. लाच देऊन सोडवलेला मुलगा पुन्हा त्याच वाटेने जातो. उपचार घेऊन बाहेर आलेला मुलगा घरी परतू शकतो. पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हेच कार्य करीत आहे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा राष्ट्रीय साहाय्य क्रमांक आहे, तर अमली पदार्थांच्या विक्रीची माहिती देण्यासाठी २०२४ मध्ये १९३३ हा क्रमांक सुरू झाला आहे.

आरोपी अठरा वर्षांखालील असेल, तर बाल न्याय अधिनियम, २०१५ लागू होतो. त्याला पोलीस कोठडीत किंवा कारागृहात ठेवता येत नाही. चोवीस तासांत बाल न्याय मंडळासमोर न्यावे लागते आणि जामीन हा तेथे नियम आहे, नकार हा अपवाद. अशा वेळी शाळेचा दाखला किंवा जन्मदाखला तत्काळ घेऊन जाणे, हे कुटुंबाचे पहिले काम असते.

समाजाचे कर्तव्य

आरंभी ज्या वाक्याचा उल्लेख झाला, त्याकडे पुन्हा वळू. ज्याने काही केलेले नाही, त्याला भीती कसली? ज्या कायद्यात गृहीतके आरोपीच्या विरुद्ध असतात आणि जामीन दुर्मीळ असतो, तेथे निरपराधालाही कार्यपद्धतीचाच आधार असतो. सूडबुद्धीने कोणाच्या गाडीत पुडी ठेवून माहिती देणाऱ्यांची शक्यता कायद्याने स्वतःच गृहीत धरली आहे. म्हणूनच ५८व्या कलमात, हेतुपुरस्सर खोटी माहिती देऊन झडती किंवा अटक घडवणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत, तर कारणाविना त्रासदायक झडती घेणाऱ्या अधिकाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कारावासाची तरतूद आहे.

आणि ज्याने केले आहे, त्याला हक्क कसले? याचे उत्तर अधिक गंभीर आहे. खरा तस्कर जेव्हा सुटतो, तेव्हा तो पुष्कळदा त्याच्या निरपराधित्वामुळे नव्हे, तर पंचनाम्यातील त्रुटीमुळे सुटतो. ५०व्या कलमाची सूचना दिली गेली नाही, ४२व्या कलमाची नोंद नाही, नमुन्याच्या मोहोरेचा मेळ नाही, आणि तेच ते ‘ठरलेले’ पंच उलटतपासणीत कोलमडतात. विधिपूर्वक काम करणारा पोलीस अधिकारी आरोपीवर उपकार करीत नसतो; तो खटला भक्कम करीत असतो. रामायणात रावणाच्या सभेत हनुमंताच्या वधाची आज्ञा झाली, तेव्हा दूताचा वध शास्त्रसंमत नाही, असे बिभीषणाने बजावले. राज्यसत्तेलाही मर्यादा असते, हा विचार या भूमीत परका नाही.

म्हणून समाजाने तीन गोष्टी कराव्यात. पहिली, पंच म्हणून बोलावले असता पळ काढू नये. परिसरातील प्रतिष्ठित आणि निःपक्ष नागरिकांनी झडतीच्या वेळी उपस्थित राहावे, असे कायद्यालाच अभिप्रेत आहे. लेखी बोलावणे आल्यावर कारणाविना नकार देणे हा गुन्हा आहे. पाहिले तेवढेच लिहू द्यावे, न पाहिलेल्यावर स्वाक्षरी करू नये आणि न्यायालयात निर्भयपणे सांगावे. दुसरी, प्रत्येक वस्तीत एका तरी वकिलाने महिन्यातून एक सायंकाळ या विषयासाठी द्यावी. महाविद्यालयीन मुले, रिक्षा आणि मालमोटार चालक, गृहिणी यांना हे हक्क आणि ही कर्तव्ये सोप्या मराठीत समजावून सांगावीत. तिसरी, ज्या घरातील मुलगा या संकटात सापडला आहे, त्या घराकडे पाठ फिरवू नये. न्यायालयाचा निर्णय येण्यापूर्वी समाजाने शिक्षा सुनावली, तर ते कुटुंब एकाकी पडते, आणि एकाकी पडलेल्या कुटुंबाला गाठणे अमली पदार्थांच्या व्यापाऱ्यांना फार सोपे जाते.

व्यसनाविरुद्ध निर्धार आणि न्यायाविषयी आग्रह, ही दोन्ही एकाच समाजाची लक्षणे आहेत. आपल्या मुलांना नशेपासून दूर ठेवणारा संस्कार जितका आवश्यक, तितकीच संकटाच्या रात्री शांतपणे, खरे बोलून, कायद्याचा आधार घेऊन उभे राहण्याची शिकवणही आवश्यक आहे. ती शिकवण घराघरांत पोहोचवण्याचे काम कार्यकर्त्यांचे आहे आणि ते उद्यापासून सुरू करता येण्याजोगे आहे.